मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायचंय? बडोद्यात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

अधूनमधून कोणीतरी विचारतंच, की आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना लिहावाचायला शिकायचंय, मला शिकवता येईल का, आणि सुरुवात कुठून करू. येईल की! बीएड वगैरे काही लागत नाही, आठवड्यातले चार-पाच दिवस रोज तासभर आणि भरपूर पेशन्स एवढंच लागतं. आम्ही दांडिया बाजारात काही जणी मिळून हे करतो, आमच्याकडच्या बहुतेक बायका जळगाव-धुळ्याकडून लग्न होऊन इथे आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या आणि बाहेर सगळं गुजरातीत निभावणाऱ्या. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते मुख्यतः अशा लोकांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय.

आधी हे ठरवा की साक्षर म्हणजे काय

हे नीट ठरवलं नाही तर पुढचं सगळं शिकवणं भरकटतं म्हणून आधी इथेच थोडं थांबूया. आपल्याकडे अगदी घट्ट समज आहे की सही करता आली की माणूस साक्षर झाला. असं अजिबात नाही. जनगणनेत जी व्याख्या आहे ती अशी, की वय वर्षं 7 किंवा जास्त आणि कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणं. नुसतं वाचता येतं पण लिहिता येत नाही तो त्यात धरत नाहीत. ब्रेल वाचणारा धरतात. शाळेत गेलेलं असणं, एखादी इयत्ता पास असणं ही अट कुठेच नाही, आणि हे मावशींना मुद्दाम सांगा, कारण "आता या वयात शाळेत कुठे जाऊ" हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

या व्याख्येतला "समजून" हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या ओळखीतल्या एका बाईंना सही उत्तम यायची, अगदी वळणदार. त्या सहीने त्या शेजारणीच्या कर्जाला जामीनदार झाल्या आणि ते त्यांना कधी कळलं, तर शेजारणीचे हप्ते थकले आणि वसुलीवाला यांच्या दारात आला तेव्हा. कागद समोर ठेवला, इथे सही करा म्हणाले, केली. सही शिकवणारा कोणीतरी भला माणूसच असणार, पण नुसती सही शिकवली तर माणूस आणखी अडकतो असं माझं आता ठाम मत झालंय, अंगठा लावायच्या वेळी निदान कोणीतरी वाचून दाखवायचं, सही आली की ते पण बंद होतं.

म्हणून मी मोजपट्टी एवढीच धरते, की आपल्या कामाचा कागद दुसऱ्याच्या हातात न देता स्वतः बघून त्यात काय आहे ते कळलं पाहिजे आणि त्याप्रमाणे काहीतरी करता आलं पाहिजे. कोणाचा कागद कोणता हे प्रत्येकाचं वेगळं असतं. त्यावरूनच पुढची पायरी.

पहिल्या दिवशी पुस्तक नाही, पिशवी

पहिल्या दिवशी त्यांना सांगा की घरात जे जे कागद कपाटात, डब्यात, गादीखाली ठेवलेत ते पिशवीत घालून आणा. लाइट बिल, रेशन कार्ड, पासबुक, आधार, दवाखान्याची फाइल, मुलांच्या शाळेची चिठ्ठी, औषधाची पट्टी. मग विचारा, यातलं काय स्वतःला वाचता आलं असतं तर बरं झालं असतं? उत्तरं ऐका आणि लिहून ठेवा, हाच तुमचा अभ्यासक्रम. एक जण म्हणेल मुलाच्या शाळेत मीटिंग कधी आहे ते कळत नाही, एक म्हणेल बस चुकते, एक म्हणेल फोनमधे कोणाचा नंबर कुठला तेच समजत नाही म्हणून मी सगळ्यांचे नंबर पाठ केलेत. ब्राझीलमधे पाउलो फ्रेअरी नावाचे शिक्षणतज्ज्ञ शेतमजुरांना शिकवायचे ते असंच, लोकांच्या रोजच्या जगण्यातले शब्द आधी गोळा करायचे आणि त्यातूनच अक्षरं काढायची. "अ अननसाचा" मोठ्या माणसासमोर ठेवू नका. काहींना आवडतं हे खरं, पण बऱ्याच जणींना नातवाचं पुस्तक हातात घेतल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी त्या येत नाहीत.

डोळे

हे कोणी सांगत नाही म्हणून वेगळं लिहितेय. चाळिशीनंतर जवळचं दिसायला त्रास होतो, आणि ज्यांनी कधी वाचलंच नाही त्यांना ते कळतच नाही, कारण सुई ओवताना सोडलं तर जवळचं बघायची वेळच येत नाही. मग त्या पान लांब धरतात, डोकं दुखतं म्हणतात, "माझ्या डोक्यात शिरत नाही" म्हणतात. डोक्यात सगळं शिरतं, अक्षर दिसत नाहीये! पहिल्याच आठवड्यात डोळे तपासून घ्या, सयाजी हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या ओपीडीत नेलं तरी चालेल. आमच्याकडे नुसत्या चष्म्याने अर्धं काम झालेल्या बायका आहेत.

वेळ आणि जागा

घरकाम करणाऱ्यांना दुपारी दोन ते चारच मोकळीक असते, तीच वेळ धरा. कोणाचा तरी ओटा, देवळाचा हॉल, सोसायटीची खोली काहीही चालतं, फक्त पंखा हवा आणि येणारीजाणारी माणसं डोकावणार नाहीत अशी जागा हवी. नवरात्रीचे दिवस क्लास बंदच समजा, उत्तरायणाचे दोन दिवस पण, आणि मे महिन्यात अर्ध्या जणी लग्नांसाठी गावाला जातात. त्यानंतर परत आल्या की मागचं विसरलेल्या असतात ते धरूनच चाला, चिडू नका.

आणि बोलताना अहो-जाहो. त्या तुमच्याकडे भांडी घासत असतील तरीही. "मावशी, हे बघा" असंच. लाल पेनने वहीत काट मारू नका, चुकलेल्याच्या शेजारी बरोबर लिहून द्या. नातवंडांसमोर किंवा नवऱ्यासमोर कधीच चूक काढू नका.

कुठली लिपी आधी, मराठी की गुजराती?

हा प्रश्न बडोद्यातच येतो, आणि मराठी घरांमधे यावरून वादही होतात. भावना सगळ्यांची मराठीची असते, माझी पण. पण बसचा बोर्ड, रेशनच्या दुकानातली पाटी, वेरा बिल (म्हणजे घरपट्टीचं), शाळेची चिठ्ठी हे इथे मुख्यतः गुजरातीत असतं. दुसरीकडे मावशींना विचारलं तर पोथी वाचायची असते, गावाकडच्या भावाचा मेसेज वाचायचा असतो, तो मराठीत. दोन्ही मागण्या खऱ्या आहेत.

यातून आम्हाला सापडलेली वाट अशी. सुरुवात या आठ अक्षरांनी करा: ग, म, न, र, त, स, प, व, आणि सोबत फक्त काना. कारण ही आठही अक्षरं दोन्ही लिप्यांमधे जवळजवळ सारखी आहेत, गुजरातीत वरची रेघ नाही एवढाच मुख्य फरक. म्हणजे एकदा शिकवलं की दोन्हीकडे चालतं. आणि एवढ्यावर बघा किती शब्द होतात: नाव, गाव, रात, तास, माप, नवरा, सासर, पगार, वारस. रेघ काढून टाकून गुजरातीत नाम, गाम, रात, माप, पगार, वारस. पगार आणि वारस हे दोन शब्द वाचता येणं म्हणजे कमी नाही, कितीतरी कागदांवर नेमके हेच शब्द असतात. पहिल्यांदा "पगार" स्वतः वाचला की चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासाठी मी हे काम करते.

अक्षर शिकवताना सुटं अक्षर नका शिकवू. "पगार" पूर्ण शब्द दाखवा, तीनदा बोट फिरवून वाचा, मग तोडा, प, गा, र. मग त्याच तुकड्यांपासून दुसरे शब्द करायला लावा, पार, गार, पारा, राग. "राग" जमला की त्या स्वतःच हसायला लागतात आणि पुढचे शब्द त्याच काढतात.

नंतर जी अक्षरं दोन लिप्यांमधे वेगळी दिसतात ती एकेक घ्या, क, ख, च, ज, झ, फ, ब, भ, ण, आणि सुटे स्वर अ, इ, उ, ए. इथे मात्र एकावेळी एकच लिपी चालवा, दोन्ही एकत्र केल्या तर खिचडी होते. बाहेरचं काम जास्त असेल तर गुजराती पुढे न्या, घरात वाचायची ओढ जास्त असेल तर मराठी, आणि हे मावशींनाच ठरवू द्या.

बसच्या पाट्या हा तयार पाठ आहे

एसटी डेपोवर जाऊन आसपासच्या तालुक्यांच्या पाट्यांचे फोटो काढून आणा. आपल्या जिल्ह्यातली नावं शिकवायच्या क्रमाने लावायला इतकी छान आहेत की काय सांगू. पहिलं पादरा, कारण वरच्या आठ अक्षरांत फक्त "द" वाढतो आणि तो पण दोन्हीकडे सारखाच. मग सावली, त्यात वेलांटी आली आणि "ल" आला. मग करजण, काना मात्रा काही नाही, चार सरळ अक्षरं, पण क, ज, ण तिन्ही गुजरातीत निराळे, म्हणून तिसरा नंबर. मग वाघोडिया, त्यात काना, ओकार, वेलांटी सगळंच. डभोई त्याच्याही नंतर ठेवा. हे झाल्यावर एक दिवस वर्ग डेपोवरच घ्या, बस येते तेव्हा लांबून वाचायची, जी आधी सांगेल ती सांगेल. छापील वहीतलं वाचणं आणि हलत्या बसवरचं वाचणं यात खूप अंतर आहे.

लिहिणं

लिहिण्याची भीती वाचण्यापेक्षा जास्त असते. हात कडक झालेला असतो, पेन लाटण्यासारखं धरलं जातं. दोन-चार दिवस नुसत्या उभ्या-आडव्या रेघा, गोल, अर्धगोल काढू द्या, ज्या रोज रांगोळी काढतात त्यांना ठिपके मांडून द्या, हात लगेच मोकळा होतो. जाड टोकाचं बॉलपेन आणि रुंद रेघांची वही घ्या, टोकदार पेन्सिलने कागद फाटतो. पाटी पण चांगली, पण घरी नेऊन कोणाला दाखवता येत नाही, आणि दाखवायचं तर प्रत्येकीला असतं.

पहिलं काय लिहायचं? स्वतःचं पूर्ण नाव, मग मुलांची नावं, मग पत्ता. नावात जोडाक्षर असेल तर तसंच लिहायला शिकवा, सोपं करून देऊ नका. लक्ष्मीबाईंना आपल्या नावातला "क्ष्मी" सोडून दुसरं काही नको असतं, अवघड असलं तरी त्या तो गिरवतात.

सही सगळ्यात शेवटी. आणि सही शिकवताना एक नियम पक्का सांगा, की कागदावर तीन गोष्टी सापडल्याशिवाय सही करायची नाही: माझं नाव कुठे आहे, रक्कम किती लिहिलीये, आणि तारीख कुठली. यातलं एक जरी सापडलं नाही तर "घरी नेऊन वाचून आणते" म्हणायचं. हे वाक्य मोठ्याने बोलून घ्या, दहा वेळा. बायकांना ते म्हणायचा संकोच वाटतो, समोरचा साहेब असतो, मागे लाइन असते. बँकेत अंगठ्याचं खातं सहीचं करून घ्यायचं असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज आणि नवीन नमुना सही द्यावी लागते, तेव्हा सही रोज तशीच यायला लागल्यावरच जा. अंगठ्याच्या खात्याला सहसा चेकबुक मिळत नाही आणि पैसे काढायला स्वतःच जावं लागतं, म्हणून हा बदल करण्यासारखा आहे.

आकडे

मोजणं शिकवू नका, ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं येतं. भाजीवाल्या मावशी तीन भाज्यांचा हिशोब तोंडी करून सुटे परत देईपर्यंत आपण मोबाइल काढत असतो. शिकवायचं ते लिहिणं. आणि आधी 1, 2, 3 हेच आकडे घ्या, फोन, नोट, घड्याळ, एटीएम सगळीकडे तेच असतात.

दोन अडचणी हमखास येतात. एक म्हणजे पंचवीस सांगितलं की 52 लिहितात, कारण बोलताना पाच आधी येतो आणि वीस नंतर. हे चूक म्हणून नका सांगू, कारण समजावून सांगा आणि दहाच्या नोटा नि सुटी नाणी समोर ठेवून डावीकडे नोटा उजवीकडे नाणी असं मांडून दाखवा. दुसरी म्हणजे एकशे पाच सांगितलं की 1005. शंभर लिहून पुढे पाच, त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे ते! इथेही शंभरची नोट, मधली दहाची जागा रिकामी आणि पाचचं नाणं, त्या रिकाम्या जागेत शून्य बसतं हे हाताने ठेवून कळतं. गुजराती आकडे नंतर घ्या, आणि तेव्हा एक सांभाळा की गुजराती 5 आणि गुजराती "प" जवळपास सारखेच दिसतात, मागचंपुढचं बघूनच ओळखावं लागतं.

नोट उलटी केली की भाषांची उभी पट्टी असते, पंधरा ओळींची. तिसरी ओळ गुजराती, आठवी मराठी. एकच रक्कम दोन्ही लिप्यांत वाचायला इतकं हाताशी असलेलं साधन दुसरं नाही, आणि ते प्रत्येकीच्या पदराला बांधलेलं असतं.

औषधाचं पण इथेच करून टाका. चिठ्ठीवर 1-0-1 म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आणि पट्टीवरची एक्स्पायरीची तारीख शोधणं, त्यासाठी इंग्रजी येण्याची गरज नाही, "ईएक्सपी" ही तीन इंग्रजी अक्षरं चित्रासारखी ओळखता आली आणि पुढचे महिना-वर्षाचे आकडे वाचता आले की झालं.

फोन

सगळ्यांना हेच आधी हवं असतं, पण मी नावं आणि आकडे वाचता आल्यावरच घेते. कॉन्टॅक्ट मराठीत सेव्ह करून द्या, फोनची भाषा मराठी किंवा गुजराती करून द्या. मेसेज बोलून पाठवता येतो, त्यामुळे वाचायची गरजच नाही असं मुलं म्हणतात, पण बँकेचा मेसेज बोलून येत नाही. पैशांच्या बाबतीत पाठ करून घ्यायचं ते असं: पिन टाकला की पैसे जातात, पैसे येताना पिन कधीच लागत नाही. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, मग तो बँकेचा माणूस असो की भाचा. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवरची रक्कम आणि समोरच्याचं नाव बोट ठेवून वाचायचं.

सरकारी नोंदणी आणि परीक्षा

15 वर्षांवरच्या निरक्षरांसाठी केंद्राचा उल्लास नावाचा कार्यक्रम आहे, 2022 ते 2027 असा. शिकणाऱ्याची आणि शिकवणाऱ्या स्वयंसेवकाची दोघांची नोंद उल्लासच्या अ‍ॅपवर होते, नाही जमलं तर जवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत मुख्याध्यापकांना जाऊन भेटा, काम शाळेमार्फतच चालतं. शेवटी 150 मार्कांची चाचणी, वाचन, लेखन आणि आकडेमोड प्रत्येकी 50, आणि पास झालं की सर्टिफिकेट. स्वयंसेवकाला पैसे मिळत नाहीत. कोणी म्हणतं सर्टिफिकेट काय करायचंय, पण ज्या बाईने आयुष्यात कधी पेपर दिला नाही तिच्यासाठी तो दिवस फार मोठा असतो, लेकी सासरहून फोन करतात. चाचणीआधी फक्त पेपर कसा असतो ते दाखवा, पाठांतराला बसवू नका.

लोक विचारतील, कशाला एवढा खटाटोप?

घरातले विचारतील, कधीकधी मावशी स्वतःच विचारतील. मी आकडे सांगते. 1951 ला देशात शंभरात अठरा जणच साक्षर होते, बायकांमधे तर शंभरात नऊ पण नव्हत्या. 2011 च्या जनगणनेत देश 73 टक्क्यांवर आला आणि आपलं गुजरात 78 वर, पण गुजरातमधे पुरुष 85.75 आणि बायका 69.68. हे सोळा टक्क्यांचं अंतर म्हणजे आपल्याच गल्लीतल्या मावश्या आहेत. आणि आई वाचणारी असली की मुलांची लस, औषधं, शाळा सगळ्यावर फरक पडतो हे जगभर दिसून आलंय.

शिवाय बडोद्यात राहून कोणी "वय झालं" म्हणू नये. महाराज सयाजीराव 1875 मधे नाशिककडच्या कवळाणे गावाहून दत्तक म्हणून इथे आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना अक्षरओळख नव्हती, राजवाड्यात आल्यावर ते शिकले. त्याच माणसाने 1893 ला अमरेली तालुक्यात आणि 1906 पासून सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत केलं. आणि मोठ्यांना कामानंतर शिकवणं हे तर त्याहून जुनं, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 ला पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती.

शिकल्यावर विसरू नये म्हणून

हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. चाचणी झाली, सर्टिफिकेट आलं, वर्ग बंद, आणि वर्षभरात अर्धं पुसलं जातं कारण घरात वाचायला काहीच नसतं. बडोदे संस्थानात हे फार आधी ओळखलं होतं, नुसत्या शाळा काढून भागत नाही म्हणून 1910 ला बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावले, मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, आणि ज्या गावात लायब्ररी नाही तिथे लाकडी पेट्यांमधे पुस्तकं भरून पाठवायचे, ती फिरती वाचनालयं.

आपण तेच छोट्या प्रमाणात करायचं. वर्ग संपल्यावर पण आठवड्यातून एकदा भेटायचं. पिशवीत मोठ्या टायपातल्या आरत्या, हरिपाठ, सणांच्या रेसिपी, साप्ताहिकाची जुनी पानं ठेवायची, प्रत्येकीने एक न्यायचं आणि पुढच्या वेळी त्यातलं काय वाचलं ते सांगायचं. पेपरची नुसती हेडलाइन रोज वाचायची सवय लावा, मुलांची शाळेची चिठ्ठी आता मुलांना वाचू द्यायची नाही, आईने वाचायची. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत एकदा घेऊन जा, तिथे मराठी पुस्तकं पण आहेत. ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) ए, बी, सी अशा लेव्हल आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या, घरी अभ्यास करून देता येतात. सी झाली की त्याच संस्थेतून पुढे दहावीलाही बसता येतं.